जर्मनीचे ब्लू कार्ड: पगाराच्या आधी पदवी तपासा

जर्मनीतल्या कंपनीची ऑफर आली की पहिला प्रश्न ठरलेला: एवढ्या पगारावर ब्लू कार्ड, म्हणजे कुशल कामगारांना तिथे राहून काम करण्याचा परवाना, मिळेल का? २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत हा प्रश्न रास्त होता, कारण सर्वसाधारण क्षेत्रांत वर्षाला ५८,४०० युरो लागायचे. १८ नोव्हेंबर २०२३ पासून नियम बदलले आणि मर्यादा एकदम ४३,८०० वर आली. दर जानेवारीत ती नव्याने ठरते. २०२६ साठी ५०,७०० युरो आहे. ही रक्कम कर कापण्याआधीची, आणि तीही हमी असलेल्या पगाराची. 'कामगिरी पाहून बोनस' यात धरू नका.

त्याहून कमी, म्हणजे २०२६ साठी ४५,९३४.२० युरोची मर्यादा तिघांना लागू होते. एक, मनुष्यबळ टंचाईच्या यादीतले व्यवसाय: इंजिनिअरिंग, आयटी, वैद्यकीय, आणि २०२३ पासून शिक्षक, नर्सिंग, फार्मसीही. दोन, गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेले, क्षेत्र कोणतेही असो. तीन, पदवी नसलेले आयटीवाले, ज्यांना गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीधराच्या तोडीचा अनुभव आहे. या तिन्ही प्रकारच्या अर्जांना जर्मनीच्या रोजगार संस्थेची संमती लागते, पण ती मिळवण्यासाठी तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागत नाही. डॉक्टर, नर्स यांना मात्र व्यवसायाचा परवानाही हवा. नोकरीचा करार किमान सहा महिन्यांचा आणि काम शिक्षणाला साजेसे असावे.

आता पदवी. जर्मन सरकारचा 'आनाबीन' नावाचा मोफत ऑनलाइन डेटाबेस आहे. त्यात दोन गोष्टी पाहायच्या: विद्यापीठाला 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, दर्जा आहे का, आणि तुमची पदवी जर्मन पदवीशी 'एन्टश्प्रिख्ट' किंवा 'ग्लाइखव्हेर्टिग', म्हणजे समकक्ष, अशी नोंदवली आहे का. कॉलेजचे नाव सापडले नाही म्हणून घाबरू नका. पदवी देणारे विद्यापीठ शोधा, आणि जुन्या नावानेही शोधा. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये बदलले, हे आपल्याला माहीत असते, डेटाबेसला असेलच असे नाही. दोन्ही नोंदी सापडल्या तर त्यांची प्रिंट अर्जाला जोडा. एकही अडली तर 'झेडएबी' या संस्थेकडून समकक्षतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याचे शुल्क २०८ युरो, आणि वेळ लागतो. म्हणून ऑफरची वाट न पाहता हे काम आधी उरकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'एपीएस' प्रमाणपत्र विद्यार्थी व्हिसासाठी असते. ब्लू कार्डसाठी त्यावर पैसे घालवू नका.

बाकी कागदपत्रे नेहमीचीच: पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो, सही झालेला करार, पदवी व गुणपत्रिका, बायोडेटा आणि जर्मनीत पोहोचल्यापासूनचा आरोग्य विमा. यात एक कागद कंपनीकडून यायचा असतो, 'नोकरीबाबतचे घोषणापत्र'. पगार, कामाचे तास, कामाचे स्वरूप त्यात कंपनीच भरते. करारातला आणि त्यातला आकडा जुळतो का, हे स्वतः ताडून पाहा.

अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी प्रत्यक्ष जावेच लागते. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. व्हिसा शुल्क ७५ युरो. इथे लॉटरी नाही, कोटाही नाही. २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करण्याची घोषणा झाली, पण ते उद्दिष्ट आहे; त्या आकड्याने कुणाचा अर्ज पुढे सरकत नाही.

अर्ज नाकारला गेला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता त्रुटी दुरुस्त करून नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. तेव्हा अर्धवट फाइल 'बघू तर' म्हणून देऊ नये.

जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही आणि तिथे नोकरीही करता येते. कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी-१ (मध्यम) पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी. पहिल्या वर्षात नोकरी बदलायची तर परदेशी नागरिक कार्यालयाला आधी कळवावे लागते. प्रत्यक्ष कार्डही तेच कार्यालय देते, भारतात मिळतो तो फक्त प्रवेशाचा व्हिसा. मोठ्या शहरांत तिथली अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, त्यामुळे घराच्या पत्त्याची नोंदणी झाली की लगेच मागून ठेवा.