डोळ्यामागच्या लाल खुणेवरून कासव ठरवू नका

रेड-इअर्ड स्लायडर बहुतेकांच्या ओळखीचे आहे. मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातले हे कासव पाळण्यासाठी विकत घेतले जाते आणि थाळीएवढे वाढले की जवळच्या तळ्यात सोडले जाते, हे आता नव्याने सांगायला नको. मात्र त्यातून ‘डोळ्यामागे लाल दिसले की स्लायडर’ असा जो समज रुजला आहे, तो साफ चुकीचा आहे. आपल्या इंडियन रूफ्ड टर्टललाही तिथेच तांबडी-नारिंगी खूण असते. हे देशी कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून ते घरात बाळगणे गुन्हा आहे. तरीही ‘आमचा स्लायडर’ म्हणून दाखवलेल्या फोटोत कित्येकदा तेच निघते, आणि दर वेळी मला तितकेच वाईट वाटते.

स्लायडरची पट्टी डोळ्यामागून मानेकडे सरळ जाते, रूफ्डची खूण चंद्रकोरीसारखी वळून माथ्याकडे चढते. हा फरक खरा असला, तरी त्यावर निकाल देऊ नये, कारण वयस्क नर स्लायडर काळवंडतात, तेव्हा पट्टी जवळजवळ पुसली जाते, आणि पिवळ्या पोटाच्या स्लायडरला ती मुळात नसतेच. मानेवरच्या पिवळ्या रेघा दोघांनाही असतात. पोटावरचे काळे डागही दोघांना असतात, त्यामुळे त्यासाठी कासवाला उताणे करून छळू नये.

निकाल पाठीवर लागतो. कवचाच्या मधल्या रांगेत पाच मोठे खवले असतात. ते मानेकडून मोजावेत. रूफ्डची पाठ दोन्ही बाजूंनी उतरत्या छपरासारखी असते आणि तिसऱ्या खवल्याच्या मागच्या टोकाशी मागे झुकलेला, काट्यासारखा स्पष्ट उंचवटा असतो. स्लायडरची पाठ बुटकी आणि गोलसर असते. त्याच्या पिल्लांच्या पाठीवर मधोमध हलका कणा जाणवतो आणि नेमकी इथेच गल्लत होते. पण तो कणा सलग आणि बसका असतो, तिसऱ्या खवल्यावर टोक काढून उभा राहत नाही.

ही बाह्यरेषा फक्त बाजूने दिसते, आणि लोक फोटो काढतात ते टबावर ओणवे होऊन, थेट वरून. वरून काढलेल्या फोटोत छप्पर आणि घुमट सारखेच सपाट दिसतात. म्हणून कासव सपाट जागेवर ठेवून, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणून एका बाजूचा फोटो घ्यावा, असा माझा आग्रह असतो. वरूनच काढलेला फोटो हाती असेल, तर चौथा खवला पाहावा: रूफ्डचा तो लांबट आणि पुढे बाटलीच्या गळ्यासारखा निमुळता होत गेलेला असतो, स्लायडरचा मात्र शेजारच्या खवल्यांसारखाच रुंद असतो.