टोमॅटोचे कप्पे आणि शेंड्यातला निरोप

सोलापूरच्या मंडईतला छोटा गावरान टोमॅटो आडवा कापला तर दोन-तीन कप्पे दिसतात. जाडजूड, खाचा पडलेल्या फळात सहा-आठही निघतात. हा आकडा फळ धरल्यावर ठरत नाही. कळी डोळ्यांना दिसण्याआधीच शेंड्यात किती मूलपेशी, म्हणजे सतत विभागून नवे अवयव घडवणाऱ्या पेशी, राहिल्या, त्यावर तो ठरून जातो.

हे कळलं ते मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसवरून. १९९०च्या दशकात क्लावाटा जनुकं बिघडलेली रोपं अभ्यासली गेली. त्यांचा शेंडा फुगतो, शेंगेत दोनाऐवजी तीन-चार कप्पे येतात. वुशेल जनुक बिघडलं, तर उलट शेंडाच टिकत नाही. १९९७ मध्ये क्लावाटा-१ हा पेशीच्या पडद्यावरचा ग्राही, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन, निघाला. १९९९ मध्ये क्लावाटा-३ हे ९६ अमिनो आम्लांचं प्रथिन. २००० मध्ये दोन्ही टोकं जुळली. खालच्या पेशींतलं वुशेल वरच्या मूलपेशींना राखतं, आणि त्याच मूलपेशी क्लावाटा-३ सोडून वुशेलला आवर घालतात.

निरोप म्हणून बाहेर पडतो तो या प्रथिनाचा छोटा तुकडाच. २००६ मध्ये तो १२ अमिनो आम्लांचा सांगितला गेला. २००९ मध्ये १३ आणि वर अरॅबिनोज साखरेची साखळी, असं दिसलं. ही साखर शोभेची नव्हे: ती जोडणारं एन्झाइम नसलेल्या टोमॅटोचा शेंडा फुगतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झालं.

मोठ्या टोमॅटोची गोष्ट त्याच वर्षी सुटली. त्यांतल्या अनेकांच्या एका गुणसूत्रात सुमारे २,९४,००० बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा उलटा बसला आहे. त्याचं एक टोक यॅबी जनुकात येतं, म्हणून आधी दोष त्याच्यावर गेला. खरी मोडतोड दुसऱ्या टोकाला, टोमॅटोतल्या क्लावाटा-३च्या नियंत्रक भागात, म्हणजे जनुक किती चालायचं ते ठरवणाऱ्या भागात. जनुक शाबूत, फक्त मंदावलेलं. म्हणून फळ मोठं होतं आणि झाडही चालतं. ते पुरतं बंद पडलं तर फुलं जुळलेली, बेढब येतात.

डिसेंबर-जानेवारीत मात्र सगळं खापर बियाण्यावर फोडू नये. कळ्या घडताना रात्री गार असल्या तरी कप्पे वाढतात, फळ वेडंवाकडं होतं. त्यामुळे एकाच झाडाच्या खालच्या-वरच्या घोसांतली फळं कापून पाहावीत. थंडीत घडलेल्या घोसापुरताच फरक असेल तर कारण थंडी. प्रत्येक झाडाच्या प्रत्येक घोसात असेल तर वाण.