‘चॅव’ आणि ‘प्लेब’: दोन शिव्या, दोन वेगळे घाव

ब्रिटनमध्ये एखाद्याला ‘हलक्यातला’ म्हणून हिणवायचं असेल, तर ‘प्लेब’ आणि ‘चॅव’ हे दोन्ही शब्द कानावर पडतात. बाहेरच्याला ते सारखेच वाटतात, पण तसं नाही.

‘प्लेब’ लॅटिनमधून आला. प्राचीन रोममध्ये उमराव घराण्यांबाहेरच्या सामान्य नागरिकांना ‘प्लेब्स’ म्हणत. म्हणून या शिवीत कुळाची आणि हुद्द्याची गुर्मी आहे. 19 सप्टेंबर 2012 ला हुजूर पक्षाचे मुख्य प्रतोद अँड्र्यू मिचेल पंतप्रधानांचं निवासस्थान असलेल्या डाउनिंग स्ट्रीटवरून सायकलने निघाले होते. पोलिसांनी मोठं फाटक उघडलं नाही, बाजूच्या छोट्या फाटकातून जायला सांगितलं. शब्दाला शब्द लागला. शिवराळ बोललो हे मिचेल यांनी मान्य केलं. ‘प्लेब’ म्हटल्याचं मात्र साफ नाकारलं. महिन्याभरात त्यांनी पद सोडलं आणि 2014 मध्ये बदनामीचा दावाही हरले. ‘प्लेब’सकट ते शब्द किंवा त्यांच्या अगदी जवळचं काहीतरी ते बोलले, असं न्यायमूर्तींचं मत पडलं. बाकीच्या शिव्या लोक विसरले. मोठ्या पदावरच्या माणसाने पोलिसाला त्याची पायरी दाखवली, हेच झोंबलं.

‘चॅव’चा रोख हुद्द्यावर नाही, राहणीवर आहे. ट्रॅकसूट, जाड सोनेरी साखळी, बर्बेरी या महागड्या ब्रिटिश कंपनीच्या चौकड्यांची टोपी घातलेला कामगार वस्तीतला पोरगा, असं ते चित्र. 2004 च्या सुमारास हा शब्द सगळीकडे झाला आणि बर्बेरीने त्याच वर्षी त्या टोप्या बंद केल्या.

‘सरकारी घरात राहणारा आणि हिंसक’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘चॅव’ बनला, असं अनेक जण ठामपणे सांगतात. ती मागाहून रचलेली व्युत्पत्ती आहे. बहुतेक अभ्यासक तो रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी समाजाच्या भाषेतल्या ‘छावो’कडे, म्हणजे मुलगा या शब्दाकडे नेतात. रोमानी लोकांचे पूर्वज भारतातून गेले. त्यांचा ‘छावो’ आणि आपला ‘छावा’ एकाच प्राकृत मुळाचे. घरात लेकराला लाडाने म्हणायचा शब्द तिकडे गरिबाच्या पोराला हिणवायला वापरला जातो, याचा मला खरंच राग येतो.

वापरातही फरक आहे. ‘प्लेब’ मित्र एकमेकांना थट्टेने म्हणतात आणि ते खपून जातं. ‘चॅव’ बहुधा पाठीमागे बोलला जातो, आणि तोही अशाबद्दल, ज्याच्याकडे उलट उत्तर द्यायला व्यासपीठ नसतं. शिकायला तिकडे गेलेल्यांनी तो गमतीतही वापरू नये.