मुंबई–लंडन: अंतर तेच, तास वेगळे

मुंबईपासून लंडनच्या हीथ्रोपर्यंतचं कमीत कमी हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. हे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणावा लागतो. तो दोरा कराचीवरून इराण, अझरबैजान, काळा समुद्र, युक्रेनचा दक्षिण भाग असा जाऊन मध्य युरोपात शिरतो. या मार्गाच्या अडचणी काय असणार, हे ही नावं वाचूनच कळतं.

30 मार्च 1929 ला इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन–कराची सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा. त्यातही स्वित्झर्लंडमधलं बाझल ते इटलीतलं जिनोव्हा हा टप्पा चक्क रेल्वेचा, आणि पुढे भूमध्य समुद्र उडत्या बोटीतून, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून पार करायचा. कराचीला आलेलं टपाल 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनीव्हा करत 10 जूनला लंडनला पोचलं.

1960 मध्ये बोइंग 707 हे जेट विमान आलं आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपासचा वेग नऊशेच्या घरात गेला. खरी झेप हीच. आजचं बोइंग 787 देखील साधारण त्याच वेगाने उडतं! त्यानंतर जो वेळ वाचला, तो मुख्यतः मधले थांबे गेल्यामुळे.

मग 7,200 भागिले 900, म्हणजे आठ तास? वेळापत्रकात इतके कमी कधीच दिसत नाहीत. चढण-उतरणीत वेग कमी असतो. शिवाय छापलेली वेळ गेट ते गेट मोजतात, म्हणजे धावपट्टीपर्यंतची रांग आणि हीथ्रोवरच्या घिरट्याही त्यातच. लंडनकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, हिवाळ्यात जास्तच जोराने. म्हणून जाताना दहा तासांच्या आसपास लागतात आणि येताना साधारण तासभर कमी.

उरलेला फरक बंद आकाशांचा. पाकिस्तानने 27 फेब्रुवारी 2019 ला हवाई हद्द बंद केली, ती पूर्ण खुली झाली 16 जुलैला. 24 एप्रिल 2025 पासून बंदी आली ती फक्त भारतीय कंपन्यांवर, त्यामुळे एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसू शकतात. याचा दिल्लीला जेवढा फटका बसतो तेवढा मुंबईला नाही, कारण इथून निघताच अरबी समुद्रावरून ओमानकडे वळता येतं. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि इराणवर तणाव वाढला की वळसा आणखी दक्षिणेला सरकतो. दर 150 किलोमीटर वळशामागे दहा मिनिटं धरा. इंधनही जास्त भरावं लागतं, आणि विमान वजनाच्या मर्यादेजवळ असेल तर तेवढा माल खाली उतरवतात.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडनला जाताना त्यांच्या वजाबाकीत हिवाळ्यात साडेपाच तास मिळवायचे, ब्रिटनची घड्याळं उन्हाळ्यात पुढे गेली की साडेचार.