पावसाळ्यात तडकणारी काडतुसं

काडतुसांच्या जुन्या, काळवंडलेल्या पितळी पुंगळ्या लखलखीत करणारे व्हिडिओ हल्ली खूप दिसतात. काहींमध्ये अमोनिया असलेलं पॉलिश बिनधास्त चोळलेलं पाहिलं आणि राहवलं नाही. पुंगळीवरचा काळपट थर निरुपद्रवी असतो. तिचा खरा वैरी अमोनिया आहे.

काडतुसं आपोआप तडकण्याचं कोडं ब्रिटिश फौजेला पडलं ते हिंदुस्थानातच. पागेत ठेवलेली काडतुसं उन्हाळ्यात धडधाकट असायची, पावसाळ्यात पाहावं तर मानेपाशी उभ्या चिरा! कुणी ती झाडली नव्हती, आपटली नव्हती. ऋतूबरोबर येणारी ही तडक म्हणून नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडा केला : घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, आणि पितळेत आधीच कोंडलेला ताण.

हा ताण येतो कुठून? काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. पत्र्याची चकती दाबून वाटी करतात, ती वाटी पुन्हा पुन्हा ओढून नळी, आणि शेवटी नळीची मान आवळतात. धातूचे स्फटिक चेपले-ताणले जातात आणि तो ताण पीळ भरलेल्या सुंभासारखा आत राहतो. दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो, अमोनिया त्यात विरघळतो. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तांब्याचा आयन (विद्युतभार असलेला अणू) सुटतो आणि त्याभोवती अमोनियाचे चार रेणू जमून गडद निळं संयुग तयार होतं. ही झीज सगळीकडे सारखी होत नाही. दोन स्फटिकांच्या सीमेवर ती जोर धरते. तिथे बारीक खाच पडली की ताण तिच्या टोकाशी एकवटतो, टोक फाकतं, आतला कोरा धातू उघडा पडतो, अमोनिया आणखी आत शिरतो. वजन फारसं घटत नाही, पण चीर आरपार जाते. उपाय साधा निघाला : घडवून झाल्यावर पुंगळी 250 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची. ताण सैल होतो, कडकपणा फारसा जात नाही.

घरातली पितळी समई आपोआप तडकली की 'अपशकुन झाला' म्हणणारे आजही आहेत. त्यांनी आधी समईजवळ काय ठेवलं होतं ते पाहावं. अमोनिया काही शकुन पाहून येत नाही.

पुंगळी रिकामी असेल तर कोमट पाण्यात थोडं लिंबूफूल घालून काही मिनिटं बुडवा. आम्लात काळे ऑक्साइड विरघळतात. मग भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. रात्रभर आम्लात ठेवू नका. जस्त निघून गेलं की पितळ गुलाबी दिसू लागतं, ती चमक नव्हे. आजोबांच्या पेटीत जिवंत काडतूस सापडलं, तर मात्र घासायच्या भानगडीत पडूच नका. हात न लावता पोलिसांना कळवा. धुतलेली पुंगळी उजेडात धरून मानेवरून नख फिरवा. नख केसाएवढ्या रेघेत अडकलं, तर ती चीर आहे, आणि ती कुठल्याही पॉलिशने बुजत नाही.