फाइल वेगळी, फाइलची नोंद वेगळी

विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर पाच-सहा जीबीचा एखादा व्हिडिओ घ्या आणि त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये कट-पेस्ट करून बघा, पापणी लवायच्या आत तिकडे पोचलेला असतो. आता तोच व्हिडिओ तिथेच कॉपी-पेस्ट करा, तर ती हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागते. डिस्क तीच, व्हिडिओ तोच, मग एकदा झटक्यात आणि एकदा वेळ लावून, असं का? कितीतरी वर्षं रोज कट-पेस्ट करूनही हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि ज्या दिवशी पडला त्या दिवसापासून कॉम्प्युटरकडे बघायची नजरच बदलली माझी.

उत्तर असं की आपण ज्याला फाइल म्हणतो त्या खरं तर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष माल, म्हणजे व्हिडिओचे ते अब्जावधी बाइट, डिस्कवर कुठेतरी पडलेले. आणि दुसरी म्हणजे त्याची नोंद: नाव काय, कुठल्या फोल्डरात, साईज किती, तारीख कुठली, आणि माल डिस्कवर नेमका कुठल्या जागी आहे. कट-पेस्ट केलं की फक्त नोंदीतला फोल्डर बदलतो, माल जागचा हलतसुद्धा नाही. कॉपी करताना मात्र सगळा माल वाचून दुसरीकडे पुन्हा लिहावा लागतो. (पेन ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं तर वेळ लागतोच, कारण पेन ड्राइव्हची नोंदवही वेगळी, तिथे माल न्यावाच लागतो.)

ही नोंदवही काय चीज आहे ते मला पहिल्यांदा कळलं ते ‘एव्हरीथिंग’ नावाच्या एका छोट्या फुकट प्रोग्रॅममुळे. विंडोजच्या नेहमीच्या सर्चमध्ये फाइल शोधायची म्हणजे वाट बघत बसायचं, आणि इथे मात्र नावाची तीन अक्षरं टाइप करेपर्यंत अख्ख्या डिस्कवरच्या सगळ्या जुळणाऱ्या फाइल्स समोर हजर. मला आधी वाटलं हा नुसत्या मोजक्याच फोल्डरांत शोधत असेल, पण नाही, लाखो फाइल्समधून शोधतो आणि तेही अक्षर टाइप होता होता. युक्ती अशी की तो फोल्डर उघड, आत जा, बाहेर ये असं करतच नाही. डिस्कवर फाइल्स मांडायची विंडोजची जी एनटीएफएस नावाची पद्धत आहे, १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली, तिच्यात प्रत्येक ड्राइव्हवर एक ‘मास्टर फाइल टेबल’ असतं, म्हणजे आपली नोंदवही. प्रत्येक फाइलला त्यात साधारण १ केबीची एक नोंद. म्हणजे एक लाख फाइल्स असल्या तरी नोंदवही होते जेमतेम १०० एमबीची, आणि तेवढं सरळ वाचून काढायला आजच्या डिस्कला कितीसा वेळ लागणार? एव्हरीथिंग ही वही एकदा वाचून घेतो आणि पुढे जे बदल होतील ते विंडोज स्वतःच एका जर्नलमध्ये टिपत असतं, तिथून उचलत राहतो. फाइलच्या आतला मजकूर तो बघत नाही, फक्त नोंदी, म्हणून तर एवढा वेग.

आता एक प्रयोग सांगतो, पाच मिनिटांचा आहे, नक्की करा. नोटपॅड उघडा, त्यात फक्त ‘मराठी’ एवढा एक शब्द लिहा, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा (ही अक्षरं बाइटांत लिहायची एक पद्धत, नवीन नोटपॅड आपणहूनच तसं करतं) आणि फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. साईज दिसेल १५ बाइट. का? तर म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी कॉम्प्युटरच्या लेखी पाच चिन्हं झाली, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. हाच शब्द रोमन लिपीत लिहिला तर सात अक्षरं आणि सातच बाइट. काना आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं आहेत हे कळल्यावर, मराठी टाइप करताना बॅकस्पेस मारला की आधी नुसती वेलांटीच का पुसली जाते आणि अक्षर मागे का उरतं, त्याचंही उत्तर मिळालं मला.

पण खरी गंमत त्याच खिडकीतल्या खालच्या ओळीत आहे, ‘साईज ऑन डिस्क’. तिथे आजच्या विंडोजमध्ये लिहिलेलं दिसतं ० बाइट! फाइल आहे, उघडते, शब्द दिसतो, आणि डिस्कवर जागा शून्य. तर होतं असं की नोंदवहीतल्या त्या १ केबीच्या नोंदीत नाव-तारीख वगैरे लिहून थोडी जागा उरते, आणि फाइल एवढीशी असेल तर विंडोज मालासाठी वेगळी जागा शोधतच नाही, तो शब्द नोंदीतच लिहून टाकतं. त्याच फाइलमध्ये पानभर मजकूर टाकून, समजा ५,००० बाइट करून परत बघा. आता साईज ऑन डिस्क दिसेल ८ केबी, कारण माल आता नोंदीत मावत नाही, बाहेर गेला, आणि बाहेरची जागा बहुतेक वेळा ४-४ केबीच्या खणांतच मिळते, सव्वा खण लागला तरी दोन खण अडतात.

इथपर्यंत आलं की डिलीट म्हणजे काय हे कोणी न सांगताच कळायला लागतं. रीसायकल बिनमध्ये टाकलेली फाइल तर कुठेच गेलेली नसते, तिची फक्त नोंद एका लपलेल्या फोल्डरात हलवलेली असते, म्हणूनच बिन रिकामा करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. आणि बिन रिकामा केला तरी नोंद ‘वापरात नाही’ अशी होते, खण मोकळे म्हणून जाहीर होतात, पण खणांतला माल कोणी पुसत नाही. मेमरी कार्डांवर जी जुनी फॅट पद्धत असते तिच्यात तर डिलीट म्हणजे नोंदीतल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर एक ठरावीक खूण, ई५ नावाचा बाइट, लिहिणं. आणि खण मोकळे म्हणून टिपणं, बस, तेवढंच. म्हणून जुन्या रिकव्हरी प्रोग्रॅममध्ये परत मिळालेल्या फाइल्सचं पहिलं अक्षर गायब असायचं आणि तिथे प्रश्नचिन्ह दिसायचं.

माझ्या मावसबहिणीच्या कॅमेऱ्याचं कार्ड एकदा चुकून फॉरमॅट झालं. फोटो तिच्या बाबांच्या शेवटच्या वाढदिवसाचे, दुसरीकडे कुठेच कॉपी नव्हती. तिने एक गोष्ट फार चांगली केली, त्यानंतर त्या कार्डवर एकही फोटो काढला नाही, कार्ड काढून ठेवलं. मी ‘फोटोरेक’ लावला. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसाने लिहिलेला हा प्रोग्रॅम, पूर्ण फुकट आणि त्याचा सोर्स कोडही सगळ्यांसाठी खुला. दिसायला अगदी साधा, काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं (खिडकीवाला सोपा अवतारही सोबत मिळतो), पण काम करतो ते बघत राहावं असं. तो नोंदवहीकडे ढुंकूनही बघत नाही, ती पुसली गेलीय असंच धरून चालतो, आणि कार्डचा पहिला खण, दुसरा खण, तिसरा असं करत सगळं कार्ड वाचत जातो आणि प्रत्येक खणाच्या सुरुवातीला ओळखीचा चेहरा दिसतोय का बघतो. जेपेग फोटो असेल तर त्याचे पहिले तीन बाइट कायम एफएफ, डी८, एफएफ असेच असतात. ते दिसले की इथे फोटो सुरू झाला. अशा ४८० हून जास्त प्रकारच्या फाइल्सचे चेहरे त्याला पाठ आहेत.

तास-दीड तासाने फोल्डरमध्ये फोटो जमायला लागले. नावं मात्र सगळी एफ अक्षर आणि पुढे भलामोठा आकडा अशी, कारण मूळ नाव नोंदीत होतं आणि नोंद तर गेली. पण तो आकडाही उगाच नसतो, फोटो कितव्या सेक्टरवर, म्हणजे कार्डच्या ५१२ बाइटांच्या कितव्या तुकड्यावर, सापडला तो आकडा असतो, त्याला ५१२ ने गुणलं की त्या भागाच्या सुरुवातीपासून किती बाइटांवर तो पडून होता ते कळतं. टी पासून सुरू होणाऱ्या बारक्या फाइल्सही होत्या, त्या म्हणजे फोटोच्या पोटात लपलेली छोटी थंबनेल. दोन-तीन फोटो अर्धे आले, वर चेहरे आणि खाली नुसता करडा पट्टा, बहुधा त्यांचे खण सलग नव्हते, आणि नोंदीशिवाय पुढचा तुकडा कुठे आहे हे फोटोरेकला कळायला मार्ग नसतो. बाकी सगळे आले. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की ज्याने हे लिहिलं आणि असंच देऊन टाकलं त्या माणसाचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

कधी वेळ आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सापडलेल्या फाइल्स त्याच कार्डवर कधीच सेव्ह करायच्या नाहीत, नाहीतर जे शोधताय त्याच्यावरच लिहिलं जाईल. आणि लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क, असेल तर फार आशा धरू नका. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला कळवतं की हे खण आता नकोत, याला ट्रिम म्हणतात, आणि मग एसएसडी ते खण आतल्या आत साफ करून टाकते. उलट जुनी हार्ड डिस्क कुणाला देणार असाल तर क्विक फॉरमॅटवर अजिबात विसंबू नका, त्यात फक्त कोरी नोंदवही टाकली जाते. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केलं तर मात्र सगळीकडे शून्य लिहिली जातात, वेळ लागतो पण लागू द्या.

हे सुरुवातीचे बाइट म्हणजे फाइलची खरी ओळख, नावाच्या शेवटचं टिंब आणि त्यापुढची अक्षरं ही फक्त नोंदीतली गोष्ट. ‘एचएक्सडी’ नावाचा एक फुकट हेक्स एडिटर मिळतो, त्यात कुठलीही फाइल उघडली की तिचे कच्चे बाइट दिसतात. कुठलीही वर्डची डॉकेक्स फाइल त्यात उघडा, सुरुवातीला ५० आणि ४बी दिसेल आणि शेजारच्या रकान्यात दोन रोमन अक्षरं, पी आणि के. ही फिल कॅट्झ या माणसाची आद्याक्षरं, ज्याने १९८९ मध्ये झिप फाइलची पद्धत आणली. म्हणजे वर्डची फाइल ही खरं तर झिप फाइल आहे! ऑफिस २००७ पासून असंच आहे. खात्री करायची तर ‘सेव्हन-झिप’ घ्या (इगोर पावलोव यांनी १९९९ पासून चालवलेला, हाही फुकट), डॉकेक्सवर राइट क्लिक करून त्यातून उघडा, आत फोल्डर दिसतील, त्यातल्या वर्ड नावाच्या फोल्डरात मीडिया म्हणून फोल्डर असतो, आणि डॉक्युमेंटमध्ये टाकलेले सगळे फोटो तिथे सुटे सुटे पडलेले असतात. कोणी वर्डमध्ये चिकटवून चाळीस फोटो पाठवले की एकेक सेव्ह करत बसायची गरज नाही, सगळे एकदम बाहेर ओढता येतात. एक्सेल, पॉवरपॉइंट, ईपब पुस्तकं, अँड्रॉइडच्या एपीके फाइल्स, सगळ्यांच्या पोटात हीच झिप.

यातच एक धोकाही आहे. विंडोज आपणहून टिंबानंतरची अक्षरं लपवतं, त्यामुळे नावात ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असलं तर दिसतं फक्त ‘बिल.पीडीएफ’, आणि वर पीडीएफचं चित्रही चिकटवलेलं असू शकतं. एचएक्सडीत बघाल तर पहिली दोन अक्षरं एम आणि झेड निघतील, मार्क झ्बिकोव्स्की या डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या) काळातल्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची आद्याक्षरं, म्हणजे हा प्रोग्रॅम आहे, पीडीएफ नाही. पण दरवेळी एवढं कोण करणार, त्यापेक्षा एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन एक्स्टेन्शन दाखवायचं ऑप्शन आजच चालू करा.

पेन ड्राइव्हवर ३० जीबी मोकळी असूनही ५ जीबीचा सिनेमा जात नाही, ‘फाइल खूप मोठी आहे’ म्हणतो, तो किस्साही नोंदवहीचाच. असा पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये, म्हणजे वरच्या फॅट पद्धतीच्याच एका प्रकारात, असतो, आणि तिच्यात साईज लिहायच्या रकान्याला फक्त ४ बाइट दिलेत, त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. जागा भरपूर आहे, आकडा लिहायला रकाना पुरत नाही. पेन ड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या नव्या पद्धतीत फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो, पण आधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा.

आणि विंडोजमध्ये ‘कॉन’ हे नाव रोमन लिपीत देऊन फोल्डर बनत नाही, ते ‘रहस्य’ म्हणून अजूनही फॉरवर्ड होत असतं, त्यात रहस्य काही नाही. १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, कीबोर्ड-स्क्रीनला कॉन, प्रिंटरला पीआरएन अशी फाइलसारखीच नावं दिलेली होती, १९८३ मध्ये फोल्डर आले तेव्हा जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ही नावं सगळ्या फोल्डरांत राखीव ठेवली आणि ती तशीच राहिली.

डिस्क भरली की मी ‘विनडरस्टॅट’ उघडतो, हाही फुकट आणि खुला. सगळी डिस्क एका चौकोनात रंगीत ठोकळ्यांनी दाखवतो, जेवढी फाइल मोठी तेवढा ठोकळा मोठा, ठोकळ्यावर क्लिक केलं की फाइल कुठली ते कळतं. या चित्राला ट्रीमॅप म्हणतात. १९९० मध्ये मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या लॅबमध्ये ८० एमबीची एक हार्ड डिस्क १४ जणं मिळून वापरायची, ती सारखी भरायची, आणि कोणाच्या कुठल्या फाइलने जागा खाल्लीय ते एका नजरेत कळावं म्हणून त्यांनी हे चित्र शोधून काढलं. तेच चित्र आज मी एक टीबीच्या डिस्कवर बघतो, आणि दरवेळी कोपऱ्यात एक भलामोठा ठोकळा निघतोच, दोन वर्षांपूर्वी डाउनलोड करून विसरलेला.