पाळीव गेकोचे भक्ष्यकीटक

पाळीव गेकोला (पालीच्या कुळातील सरपटणारा प्राणी) जिवंत चारण्यासाठी मुद्दाम वाढवलेले कीटक व त्यांच्या अळ्या. बहुतेक गेको हलत्या भक्ष्यावरच झडप घालतात. लेपर्ड गेको (युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) दबा धरून बसला की त्याच्या शेपटीचे टोक वळवळू लागते, नजर किड्यावर खिळते आणि मगच तो झेपावतो. निपचित पडलेल्या किड्याकडे तो सहसा ढुंकूनही पाहत नाही. न्यू कॅलेडोनियातील क्रेस्टेड गेको फळांचा गर व मकरंदही खातो, त्याला कीटक केवळ पूरक म्हणून लागतात.

चाऱ्यासाठी सर्वाधिक रूढ असलेला कीटक म्हणजे घररातकिडा (अकीटा डोमेस्टिकस). लिनीअसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा तो युरोपीय घरांत चुलीच्या उबेला राहणारा किडा म्हणून परिचित होता. त्याच्या मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक उत्तर आफ्रिकेकडे बोट दाखवतात, तर बरेचसे नैऋत्य आशिया मानतात. थंड प्रदेशात तो घरे, भट्ट्या व कुजत्या कचऱ्याचे ढीग यांच्या आश्रयानेच टिकतो, म्हणून तो मूळचा उष्ण प्रदेशातला असावा हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्यांपैकी नैऋत्य आशियाचे मत अधिक ग्राह्य वाटते. दाटीवाटीने वाढवलेल्या या रातकिड्यांत डेन्सोव्हायरसची साथ झपाट्याने पसरते. हा विषाणू युरोपात १९७७ च्या सुमारास नोंदला गेला. २००९-१० च्या आसपास उत्तर अमेरिकेतील पैदास केंद्रांचे त्याने मोठे नुकसान केले. त्यानंतर पट्टेरी रातकिडा (ग्रायलोडीस सिगिलॅटस) अधिक प्रमाणात वाढवला जाऊ लागला.

निवडीतील कळीचा प्रश्न कॅल्शियमचा आहे. कीटकाला हाडांचा सांगाडा नसतो, त्यामुळे त्याच्या शरीरात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. घररातकिड्यात हे प्रमाण साधारण सात ते नऊ पट भरते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आहारात मात्र कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत असावे, असे मानतात. ते कमी पडले की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात. हा चयापचयजन्य अस्थिविकार नव्या पाळणाऱ्याच्या लक्षात बहुधा उशिरा येतो, आणि वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही.

त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, चारण्याआधी किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवणे. आहारात ड३ जीवनसत्त्वही लागते, कारण त्यावाचून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. रातकिडा मात्र अंगावरची भुकटी पायांनी व तोंडाने झाडून काढत राहतो, त्यामुळे घोळवल्यावर तो लगेच खाल्ला गेला पाहिजे. दुसरा उपाय म्हणजे किड्याचेच पोट भरणे : चारण्यापूर्वी २४ ते ४८ तास त्याला कॅल्शियमयुक्त चारा देतात. नुसत्या पालेभाज्या व गाजराने किडा टवटवीत राहतो, पण खनिजांचे प्रमाण फारसे पालटत नाही. त्यासाठी चाऱ्यात सुमारे ८ टक्के कॅल्शियम असावे, अशी शिफारस आढळते.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची (हर्मेशिया इल्युसेन्स) अळी कीटकांतील कॅल्शियमच्या या कमतरतेला ठळक अपवाद आहे. तिच्या त्वचेत कॅल्शियम कार्बोनेट साठते, म्हणून तिला भुकटीची गरज नाही, असे एक मत आहे. परंतु न चावता गिळलेली अळी कधीकधी विष्ठेतून जवळपास अखंड बाहेर पडते. तेव्हा तिच्यातील सगळे कॅल्शियम अंगी लागते असे गृहीत न धरणेच बरे.

मीलवर्म ही टेनेब्रिओ मॉलिटर या भुंगेऱ्याची अळी. गिळलेला मीलवर्म गेकोचे पोट कुरतडून बाहेर येतो, या समजुतीला आधार नाही. नुकतीच कात टाकलेली अळी पांढरी व मऊ असते. ती पिलांना सोयीची पडते. मधाच्या पोळ्यांत वाढणाऱ्या मेणकिड्याच्या अळीत ओल्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा चरबी असते, म्हणून ती क्वचितच द्यावी. डुबिया झुरळ (ब्लॅप्टिका डुबिया) दक्षिण अमेरिकेतले. ते गुळगुळीत काचेवर चढू शकत नाही.

किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा, असा प्रघात आहे. उरलेले रातकिडे रात्रभर आत राहू देऊ नयेत. झोपलेल्या किंवा आजारी गेकोची बोटे व पापण्या ते कुरतडतात.

बाहेरून पकडलेल्या किड्यांत कीटकनाशके व परजीवी असण्याचा धोका असतो. काजवे तर पूर्णपणे वर्ज्य : काही जातींतील ल्युसिब्युफॅजिन हे विष हृदयावर आघात करते, आणि काजवे खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. तंबाखूवरच्या हॉर्नवर्म अळीच्या (मँड्युका सेक्स्टा) शरीरात झाडातील निकोटिन असते. तीच अळी कृत्रिम खाद्यावर वाढवली की निळसर दिसते आणि गेकोला निर्धास्त देता येते.